डिझेल गाडीचा थर्मोस्टॅट घरी बदलणे (ऑक्टाव्हिया १.९ टीडीआय)

काळीऑक्टी, नाशिक · शनिवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी,

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया १.९ टीडीआय, २००५ची, हाताच्या गिअरची. पंधरा वर्षांनंतरचं पासिंग करून घेतलंय, पर्यावरण कर भरलाय. त्यामुळे 'विकून टाका' हा सल्ला कृपया नको, तो घरात रोज फुकट मिळतो.

दुखणं असं: थंडी पडल्यापासून टेंपरेचरचा काटा ९० वर ठरत नाही. शहरात, सिग्नलला, कॉलेज रोडच्या गर्दीत नीट ९० वर उभा. हायवेला लागलं की हळूहळू खाली. परवा कसारा घाट उतरताना ५० आणि ९० च्या मधोमध आला होता. येताना घाट चढलो तर आपोआप परत वर. हीटरची हवा कोमट. कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) कमी होत नाही, गळती कुठे दिसत नाही. ॲव्हरेज थोडं उतरलंय, पण ते टायरमुळेही असेल.

दोन गॅरेजांत विचारलं. एक म्हणतो सेन्सर गेलाय. दुसरा म्हणतो, "थर्मोस्टॅट काढूनच टाकू साहेब, इथं काय बर्फ पडतो?" (थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप.) मला दोन्ही पटलेलं नाही. ऑइल आणि फिल्टर मी घरीच बदलतो, पाना हातात धरता येतो. हे काम घरी झेपेल का? कुणी केलंय?

डोंबिवलीकर · शनिवार, रात्री १०.४०

दुसऱ्या गॅरेजवाल्याचं ऐका. आमच्या पद्मिनीचा थर्मोस्टॅट आल्या आल्या काढला होता, विकेपर्यंत गाडी तापली नाही. इंजिन थंड चालतंय ही काय तक्रार झाली? लोक तापते म्हणून रडतात.

पानापक्कड, छत्रपती संभाजीनगर · शनिवार, रात्री ११.३०

काका, पद्मिनीचं गणित वेगळं आणि हिचं वेगळं. सविस्तर लिहितो, कारण 'आपल्याकडे थर्मोस्टॅट लागतच नाही' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की एकदा बसून उत्तर द्यायचंच होतं.

डिझेल इंजिनाला गरम राहणंच मुळात जड जातं. पेट्रोलच्या मानाने ते इंधनातली जास्त शक्ती चाकांपर्यंत पोचवतं, म्हणजे पाण्यात जाणारी उष्णता कमी. त्यात डिझेल इंजिनात येणारी हवा पेट्रोलसारखी अडवली जात नाही. आयडलला सिलिंडरमध्ये भरपूर हवा आणि थेंबभर डिझेल. घाट उतरताना गिअरमध्ये पाय उचलला की डिझेल बंदच, नुसती गार हवा आतून फिरत राहते. अशा वेळी थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असेल तर सगळं कूलंट रेडिएटरमधून फिरतं, आणि समोरून ताशी ८० किलोमीटरचा डिसेंबरचा वारा. कसाऱ्याला काटा पडणारच.

बरं, थंड चाललं तर बिघडतं काय? ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला वाटतं, गाडी अजून तापायची आहे. डिझेल किती सोडायचं, कधी सोडायचं हे तो त्याच हिशेबाने ठरवतो. ज्वलन अर्धवट, काजळी जास्त, ऑइल लवकर काळं. ज्वलनातून ऑइलमध्ये आलेली वाफ उडून जायला ऑइल तापावं लागतं, नाहीतर कॅपच्या आत पिवळट साय धरते. सिलिंडर आणि रिंगांची झीजही थंड इंजिनातच जास्त होते. तापलेलं इंजिन रस्त्यात उभं राहतं म्हणून लोकांना कळतं. थंड चालणारं काही बोलत नाही, म्हणून वर्षानुवर्षं तसंच पळवलं जातं.

आता तुमच्या गाडीबद्दल खास. हिचा काटा सरळ वागत नाही. साधारण ७५ पासून शंभराच्या पुढेपर्यंत तो मुद्दाम ९० वरच धरून ठेवलेला असतो, चालकाने उगाच घाबरू नये म्हणून. म्हणजे काटा ९० च्या खाली आला, याचा अर्थ पाणी ७५ च्या खाली गेलंय. तुम्हाला मधोमध दिसला, तेव्हा ते चांगलंच गार होतं.

सेन्सरचा संशय मात्र अगदीच वेडगळ नाही. या गाड्यांचा चार पिनांचा सेन्सर जातो, आणि त्यात गंमत अशी, की एकाच डबीत दोन सेन्सर आहेत: एक काट्यासाठी, एक ईसीयूसाठी. त्यातला एकच जाऊ शकतो. म्हणून आधी मोजा, मग उघडा.

रानवाटा · रविवार, सकाळी ७.५०

मोजायला कशाला काय लागतंय? सकाळी थंड गाडी चालू करा, रेडिएटरच्या वरच्या पाइपवर हात ठेवा. दोन-चार मिनिटांतच गरम व्हायला लागला तर थर्मोस्टॅट उघडा. बराच वेळ गार राहून एकदम गरम झाला तर ठीक. आमच्या स्विफ्टला असंच पकडलं.

पानापक्कड · रविवार, सकाळी ८.२०

रानवाटा, परीक्षा बरोबर, पण पाइप चुकीचा. बऱ्याच गाड्यांत थर्मोस्टॅट इंजिनातून गरम पाणी बाहेर पडतं तिथे, म्हणजे वरच्या पाइपच्या तोंडाशी असतो. या १.९ मध्ये तो परतीच्या वाटेवर आहे, रेडिएटरमधून गार पाणी इंजिनात शिरतं तिथे, खाली. त्यामुळे हिचा वरचा पाइप थर्मोस्टॅट ठणठणीत असला तरी लवकर गरम होणार. हात खालच्या पाइपला लावायचा. तो आणि रेडिएटरचा खालचा भाग सुरुवातीपासूनच कोमट होत गेला, तर उघडा अडकलाय. आणि हात लावताना पंख्यापासून लांब, तो कधीही सुरू होतो.

रानवाटा · रविवार, सकाळी ८.३५

हे माहीत नव्हतं. म्हणजे वरच्या पाइपवरून कुणी ऑक्टाव्हिया तपासली, तर चांगला थर्मोस्टॅटही बाद ठरेल.

काळीऑक्टी · रविवार, सकाळी ९.१०

खालचा पाइप बघतो. माझ्याकडे गाडीचे आकडे मोबाइलवर दाखवणारं ब्लूटूथवालं डोंगल आहे, त्यावर तापमान दिसेल ना?

पानापक्कड · रविवार, सकाळी ९.३०

२००५ची आणि जुना रोटरी पंपवाला टीडीआय असेल तर ते डोंगल बहुतेक हिच्याशी बोलणारच नाही. तेव्हाची फोक्सवॅगन मंडळी आपल्याच भाषेत बोलायची. व्हीएजीची (फोक्सवॅगन गटाची, स्कोडाही त्यातलीच) केबल आणि लॅपटॉप लागेल. लॅपटॉपवर 'इंजिन' विभागात जाऊन मेजरिंग ब्लॉक (आकड्यांचा गट) ००७ उघडा, कूलंटचं तापमान तिथे दिसतं. त्याच ओळीत डिझेलचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमानही असतं. रात्रभर उभ्या गाडीत, सुरू न करता, हे तिन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. कूलंटचा आकडाच वेगळा आला तर सेन्सर. तिन्ही जुळले आणि चालवताना कूलंट चढलं नाही, तर थर्मोस्टॅट.

मिस्त्री_सातारा · रविवार, दुपारी २.०५

सगळ्यांनी गॅरेजवाल्यांना धारेवर धरलंय म्हणून लिहितो. आम्ही थर्मोस्टॅट काढायचो, खोटं कशाला बोलू. जीप, ॲम्बेसेडर, जुनी डिझेल टेम्पो, सगळ्यांचे काढलेत. पण का काढायचो ते ऐका.

त्या वेळी कूलंट कुणी घालत न्हवतं. विहिरीचं, बोरचं पाणी. मालक म्हणायचा, पाणी ते पाणी. त्या पाण्याची खर सगळीकडं धरायची. रेडिएटर निम्मा बुजलेला, आणि थर्मोस्टॅट खर धरून बंदच अडकायचा. बंद अडकला की पसरणीच्या घाटात गाडी उकळणार, हेड वाकणार, गॅस्केट जाणार. मालकाकडं नवा घ्यायला पैसे न्हाईत, तालुक्याला माल मिळत न्हाई. मग काढून टाकायचा. उघडा राहिलेला परवडला, बंद राहिलेला न्हाई. तो त्या काळचा उपाय होता, आणि गाडी घरी यायची.

आता कूलंट आलं, माल आठ दिवसांत येतो, गाड्या ईसीयूच्या. तरी काही जण अजून तेच करतात, कारण उस्तादानं तसंच शिकवलेलं.

अजून एक. बायपासवाल्या (रेडिएटर टाळून पाणी तसंच इंजिनात फिरवणारी वाट असलेल्या) इंजिनात काढला तर उलटंच होतं. त्या थर्मोस्टॅटला मागं दुसरी छोटी थाळी असते. पुढची उघडली की मागची बायपासची वाट बंद करते, म्हणजे सगळं पाणी रेडिएटरकडं. थर्मोस्टॅटच काढला तर बायपास कायम उघडा. निम्मं गरम पाणी रेडिएटरला न जाता तसंच फिरत बसतं. थंडीत गाडी थंड आणि उन्हाळ्यात घाटात भरून चढवली की तापते. मग गिऱ्हाईक परत येतंय, "थर्मोस्टॅट काढूनसुद्धा तापते!" अरे बाबा, काढला म्हणूनच तापते.

डोंबिवलीकर · रविवार, दुपारी ३.३०

हे मात्र पटलं मिस्त्री. आमच्या वेळी कूलंट म्हणजे नळाचं पाणी, हे खरंच. कॉलनीत एक जण विहिरीचं पाणी मऊ म्हणून खास कॅन भरून आणायचा.

हिवाळी_म्युनिक · रविवार, संध्याकाळी ६.१५

इकडे बर्फ पडतो, म्हणून बोलायचा हक्क आहे असं समजतो. डिझेलची उष्णता इतकी कमी पडते, की इथल्या बऱ्याच डिझेल गाड्यांना हीटरसाठी वेगळी विजेची किंवा इंधनावर चालणारी मदत दिलेली असते. उणे दहात थर्मोस्टॅट उघडा अडकला तर काच निवळत नाही, म्हणजे तो सरळ सुरक्षिततेचा प्रश्न होतो.

मी माझ्या जुन्या गोल्फमध्ये हे काम केलंय, इंजिन तेच घराणं. झेपण्यासारखं आहे, फक्त जागा अडचणीची. तीन गोष्टी लक्षात ठेवा. थर्मोस्टॅट नुसता सरकवून बसत नाही, आत घालून पाव फेरा फिरवून अडकवायचा असतो. त्याची कमान उभी यायला हवी. झाकण दोनच बोल्टांवर आहे आणि प्लॅस्टिकचं आहे. बोल्ट आवळायची ताकद १५ न्यूटन-मीटर, म्हणजे फारच थोडी. छोटा रॅचेट घ्या, मोठा हातात आला की माणूस मोठ्या ताकदीनेच आवळतो. आणि ओ-रिंग नवी, कितीही चांगली दिसली तरी.

कूलंट लाल किंवा गुलाबी, जी १२ किंवा त्यापुढच्या पिढीचं. जुनं निळं-हिरवं जी ११ आणि मूळ जी १२ एकत्र आलं तर तपकिरी गाळ होतो. आधीच्या मालकाने काय ओतलंय याची खात्री नसेल, तर पूर्ण धुऊन काढा.

संत्रानगरी, नागपूर · रविवार, रात्री ९.००

प्रश्न आहे. आमच्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर जातं. ८७ ऐवजी कमी अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट घातला तर उन्हाळ्यात फायदा होईल ना? दुकानदार म्हणतो, 'ट्रॉपिकल' घ्या ताई.

पानापक्कड · रविवार, रात्री ९.४०

ताई, थर्मोस्टॅट तापमानाची खालची मर्यादा राखतो, वरची नाही. नागपूरच्या मेमध्ये, एसी लावून, चढावर गाडी असेल तर कुठलाही थर्मोस्टॅट पूर्ण उघडलेलाच असणार. त्यानंतर सगळी मदार रेडिएटर, पंखा, पंप आणि कूलंटच्या टाकीच्या झाकणाने धरलेल्या दाबावर. कमी अंशांचा घातला तर फक्त नोव्हेंबर ते फेब्रुवारी गाडी थंड चालेल, आणि मेमध्ये काडीचा फरक नाही. उन्हाळ्याची काळजी असेल तर रेडिएटर आणि एसी कंडेन्सरच्या मधला कचरा काढा. पंखा दोन्ही वेगांना फिरतो का ते बघा. आणि टाकीचं झाकण जुनं असेल तर बदला. या गाडीत ते दीड बारच्या आसपास दाब धरतं; तो दाब असतो म्हणून कूलंट शंभरच्या बरंच वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल म्हणजे उकळबिंदू खाली.

संत्रानगरी · रविवार, रात्री ९.५५

दुकानदाराला हे वाचून दाखवते.

काळीऑक्टी · पुढचा शनिवार, सकाळी ११.२०

मंडळी, आकडे आले. मित्राची केबल मिळाली.

पहाटे, गाडी सुरू करायच्या आधी: हवा, डिझेल, कूलंट तिन्ही ११-१२ अंश. (निफाडवाले हसतील, पण आमच्यासाठी ही थंडी.) म्हणजे सेन्सर शहाणा आहे. खालचा पाइप पहिल्या काही मिनिटांतच कोमट व्हायला लागला. मग पाथर्डी फाट्यावरून हायवेला घेतली. सरळ रस्त्यावर ६४ ते ६८, त्यावर जाईचना. परत गावात आल्यावर ८२. दोष थर्मोस्टॅटचाच.

नवा वाहलर कंपनीचा मागवलाय, ओ-रिंग वेगळी घेतली. टायमिंग बेल्ट गेल्या वर्षीच झालाय, नाहीतर पाण्याचा पंप बेल्टवरच आहे म्हणून सगळं एकदम करता आलं असतं.

पानापक्कड · शनिवार, दुपारी १२.०५

सुंदर. बसवायच्या आधी नवा थर्मोस्टॅट पाण्यात उकळून बघा. नवे म्हणून येतात त्यातही बाद निघतात, आणि बसवल्यावर कळलं तर सगळं कूलंट परत काढायचं. दोऱ्याला बांधून टांगा, भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका. हा ८५ च्या आसपास उघडायला लागतो, पूर्ण उघडतो १०५ ला. तेव्हा पातेल्यात पूर्ण उघडलेला दिसणार नाही, म्हणून परत करायला धावू नका. नाशिकच्या उंचीवर पाणी ९८ लाच उकळतं.

मिस्त्री_सातारा · शनिवार, दुपारी १२.४०

गाडीखाली जाणार असाल तर गाडीबरोबर येतो त्या जॅकच्या भरवशावर जायचं न्हाई. स्टँड लावा. विटा, सिमेंटचा ब्लॉक तर अजिबात न्हाई, तो तडकला की सांगून तडकत न्हाई. हँडब्रेक, गिअर, मागच्या चाकाला लाकडी पाचर. आणि इंजिन पूर्ण थंड असल्याशिवाय झाकणाला हात लावू नका.

काळीऑक्टी · रविवार, रात्री ८.४५

झालं काम! सविस्तर लिहितो, पुढे कुणाला उपयोगी पडेल.

आधी पातेल्याचा प्रयोग. (पातेलं आता गॅरेजच्या मालकीचं झालंय, स्वयंपाकघराने परत घ्यायला नकार दिला.) नवा ८६ ला हलला, ९८ ला पाणी खळखळलं तेव्हा बऱ्यापैकी उघडा होता. गार झाल्यावर पूर्ण बंद.

गाडी सकाळपर्यंत पूर्ण थंड होऊ दिली. पुढची बाजू उचलून स्टँडवर, मग खालचं प्लॅस्टिकचं कव्हर. त्याचे स्क्रू चांदणीच्या तोंडाचे, टी-२५. त्यातले दोन आधीच्या कुणीतरी गायब केलेले होते. टाकीचं झाकण उघडलं, खाली धुणं भिजवायचा मोठा टब ठेवला आणि रेडिएटरचा खालचा पाइप सोडवला. स्प्रिंगच्या क्लिपा आहेत. साध्या पक्कडीने निघतात, पण पक्कड निसटली तर बोट सोलतं. लांब तोंडाची, दात असलेली मिळाली तर घ्या. टबात साडेचार लिटरच्या आसपास पडलं. सिस्टीम सहा लिटरच्या आसपासची असल्याने बाकीचं ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्येच राहतं. जुनं कूलंट गुलाबीच होतं, फिकट झालेलं, गाळ नव्हता. म्हणून धुण्याच्या भानगडीत पडलो नाही.

थर्मोस्टॅट ऑइल फिल्टरच्या खालच्या अंगाला, अल्टरनेटरच्या पायाशी आहे. वरून दिसत नाही, खालून दिसतो. दहाचे दोन बोल्ट. एक सरळ निघाला. दुसऱ्यासाठी लांब एक्स्टेंशन आणि हलणारा सांधा लागला, आणि सगळ्यात जास्त वेळ त्या एका बोल्टने खाल्ला. रॅचेटचे दोन दात फिरतात की परत काढून लावायचा. झाकण निघाल्यावर आणखी पाव-अर्धा लिटर थेट बाहीत. चष्मा लावा, तोंड बाजूला ठेवा.

जुना थर्मोस्टॅट बघितला आणि सगळा उलगडा झाला. गार असूनही दोन-तीन मिलिमीटर उघडा. स्प्रिंगची ताकद गेलेली, रबराची कडा एका बाजूला कडक होऊन तुटलेली. बंद होण्याचा प्रश्नच नव्हता.

बसायची जागा बारीक पॉलिश पेपरने साफ केली, कचरा आत पडू नये म्हणून आधी फडकं कोंबून. (फडकं नंतर काढायचं, हे वेगळं सांगायला नको.) नवा घातला, पाव फेरा, कमान उभी. ओ-रिंगला थोडं कूलंट लावून झाकण बसवलं, दोन्ही बोल्ट आधी हाताने, मग आळीपाळीने. टॉर्क रेंच होता, १५ वर कट्ट झाला. खरंच वाटतं, एवढंच? पण तेवढंच.

भरताना कूलंट आणि बॅटरीचं पाणी (डिस्टिल्ड वॉटर, ॲसिड नव्हे) निम्मंनिम्मं. नाशिकला गोठण्याची भीती नाही म्हणून कमी कूलंट चालेल असं वाटत होतं, पण ४० टक्क्यांच्या खाली नेऊ नये. गंज आणि खर धरू न देणारी रसायनं त्यातच असतात. टाकीत हळूहळू ओतलं, पाइप हाताने दाबत राहिलो, बुडबुडे येत राहिले. मग हीटर पूर्ण गरमवर ठेवून गाडी सुरू.

इथे एक सांगतो. सगळीकडे लिहिलेलं असतं, 'पंखा सुरू होईपर्यंत आयडलला ठेवा'. डिसेंबरच्या सकाळी हे डिझेल आयडलला ठेवलं तर पंखा संध्याकाळपर्यंत सुरू व्हायचा नाही. मी थोडा वेळ दोन हजार आरपीएमवर धरलं, मग गाडी खाली घेऊन कॉलनीला चकरा मारल्या. खालचा पाइप बराच वेळ गार राहिला आणि मग एकदम तापला, म्हणजे नवा उघडला. घरी येऊन पूर्ण थंड झाल्यावर पातळी बघितली, थोडी उतरली होती, टाकली.

सोसायटीचे सेक्रेटरी मध्ये येऊन गेले. पार्किंगमध्ये दुरुस्तीला मनाई आहे असा ठराव आहे म्हणे. दुरुस्ती नाही, तपासणी आहे असं सांगितलं. टबाकडे बघून म्हणाले, "हे गटारात ओतू नका." ते मात्र त्यांचं शंभर टक्के बरोबर.

पानापक्कड · रविवार, रात्री ९.१०

अभिनंदन! आकडे?

काळीऑक्टी · रविवार, रात्री ९.२५

संध्याकाळी हायवेला नेली. ८६ ते ९०, त्यात दोन अंशांचा चढउतार. काटा ९० वर खिळलेला. हीटर दोन नंबरवर ठेवला तर मुलं म्हणाली, बंद करा. ॲव्हरेजबद्दल आत्ताच बोलत नाही, दोन टाक्या संपू देत.

संत्रानगरी · रविवार, रात्री ९.४०

मस्त लिहिलंय. जुनं कूलंट तसंच उघड्या टबात ठेवू नका हं. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं पितात, आणि त्यांच्यासाठी थोडंसंही जीवघेणं असतं. जमिनीवर सांडलेलं भरपूर पाण्याने धुवा. कॅनमध्ये भरून झाकण लावून, वापरलेलं ऑइल जिथे देता तिथे विचारा.

काळीऑक्टी · रविवार, रात्री ९.५०

कॅनमध्ये भरलंय, नाव लिहून. आमच्या पार्किंगमध्ये दोन बोके असतात, त्यांच्यासाठी लगेचच आवरलं होतं.

धुके · सोमवार, सकाळी १०.३०

धागा उशिरा वाचला. माझी बीएस ६ डिझेल आहे. हायवेला तापमान ७० च्या पुढे जात नाही आणि डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा वारंवार लागतो. गॅरेजमध्ये दर वेळी मशीन लावून डीपीएफ साफ करून देतात, पुन्हा तेच. याचा थर्मोस्टॅटशी संबंध असेल?

पानापक्कड · सोमवार, सकाळी ११.१५

दाट शक्यता आहे. डीपीएफमधली काजळी जाळायची म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर बरंच तापमान वाढवावं लागतं, आणि इंजिन पुरेसं तापलेलं नसेल तर ईसीयू ते काम सुरूच करत नाही. त्यात थंड इंजिन काजळी जास्त करतं. म्हणजे भरणं जास्त, जळणं बंद. मशीन लावून जबरदस्तीने जाळलं की दिवा जातो, मूळ दुखणं तसंच. कोड काढून घ्या. पी ०१२८ मिळाला तर त्याचा अर्थच 'कूलंट थर्मोस्टॅटच्या ठरलेल्या तापमानापर्यंत पोचत नाही' असा आहे. तुमच्या गाडीला साधं डोंगल चालेल. वॉरंटीत असेल तर स्वतः उघडू नका, आकड्यांचे फोटो घेऊन जा आणि थर्मोस्टॅट तपासा असं जॉब कार्डवर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं संध्याकाळपर्यंत विसरलं जातं.

धुके · सोमवार, सकाळी ११.३०

वॉरंटीत आहे. जॉब कार्डचं लक्षात ठेवतो, धन्यवाद.

डोंबिवलीकर · सोमवार, दुपारी ४.००

सगळं वाचलं. आता माझीच अडचण. भाच्याची जुनी बोलेरो आहे कऱ्हाडला, तिचा थर्मोस्टॅट मीच सांगून काढवलेला. महाबळेश्वरला भरून नेली की तापते म्हणतो, थंडीत सकाळी धूर सोडते म्हणतो. मिस्त्री, तुम्ही म्हणता तेच असेल का हे? परत बसवून मिळेल?

मिस्त्री_सातारा · सोमवार, रात्री ८.२०

असणार. पण आधी रेडिएटर बघावा लागेल. इतकी वर्षं काय पाणी घातलंय कुणास ठाऊक. तो निम्मा बुजला असला तर नवा थर्मोस्टॅट घालून नुसतं निम्मं काम होईल. रेडिएटर साफ, सिस्टीम धुऊन, मग थर्मोस्टॅट आणि चांगलं कूलंट, या क्रमानं. हाउसिंग जागेवर आहे का तेवढं भाच्याला बघायला सांगा, काही जण आतला भाग फोडून काढतात आणि बसायची जागाच खराब करून ठेवतात. आणायची तर आदल्या रात्रीच आणून लावा म्हणावं. गरम गाडीचं झाकण मी उघडत न्हाई.